किती ओळी बदलल्या?

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या उड्डाणाला २८ सप्टेंबर २०२५ रोजी दहा वर्षे पूर्ण झाली. त्याची आणि आदित्य-एल१ची निरीक्षणे आज विद्यार्थ्यांनाही इस्रोच्या विदागारातून मिळतात. ती मिळाल्यावर आपल्याच हातून कशी बिघडतात, याची मात्र बातमी होत नाही. म्हणून स्वतःचा एक प्रसंग लिहिते.

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी माझ्या निरीक्षणांची सारणी मायएसक्यूएलमध्ये होती. एका रात्रीचा अंशांकन-गुणक चुकला होता, म्हणजे २१२ ओळी दुरुस्त करायच्या होत्या. ‘अपडेट’ची आज्ञा दिली, ‘व्हेअर’ची ओळ निवडायची राहून गेली. उत्तर आले : ४१,३०६ ओळी बदलल्या. शेवटची राखीव प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती आणि त्याच सारणीवर एका कनिष्ठ सहकाऱ्याचाही प्रबंध उभा होता. त्याला सांगायला गेले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “ताई, कुठल्या रात्रीपासून पुन्हा सुरुवात करायची?”

मायएसक्यूएलमध्ये ‘अपडेट’च्या शेवटी ‘लिमिट २१२’ लिहिता येते. त्याने हानी आटोक्यात राहिली असती. पण ‘ऑर्डर बाय’ नसेल तर कोणत्या २१२ ओळी बदलतील याची शाश्वती नाही. पोस्टग्रेसमध्ये ही सोयच नाही. तिथे उपप्रश्नातून नेमक्या ओळी आधी निवडाव्या लागतात. मायएसक्यूएलला ‘सेफ-अपडेट्स’ हा पर्यायही आहे : ‘व्हेअर’मध्ये इंडेक्स असलेला स्तंभ किंवा शेवटी ‘लिमिट’ नसेल, तर आज्ञाच नाकारली जाते. त्याचे दुसरे अधिकृत नाव ‘आय-अ‍ॅम-अ-डमी’. मी ते नाव निमूटपणे स्वीकारले आहे. खरा भरवसा मात्र व्यवहारावर, म्हणजे ट्रान्झॅक्शनवर : आरंभ, बदल, ओळींची संख्या तपासणे, आणि मगच ‘कमिट’. माझी सारणी मायआयसॅम प्रकारची होती. तिला ‘रोलबॅक’ ठाऊकच नाही.

केवळ वाचतानाही ‘लिमिट’ फसवते. गाइयाच्या २०२२च्या सूचीत सुमारे १८१ कोटी स्रोत आहेत. त्यांतले ‘टॉप १०००’ मागितले, तर ते आकाशाच्या एकाच कोपऱ्यातले असू शकतात, कारण स्रोताच्या क्रमांकातच त्याचे स्थान गुंफलेले असते. यादृच्छिक नमुन्यासाठी तिथे ‘रँडम इंडेक्स’ हा वेगळा स्तंभ दिला आहे, तो वापरावा.

त्या अकरा दिवसांचे गुणक आम्ही दोघांनी नोंदवहीवरून पुन्हा भरले. तीन रात्रींची नोंद कुठेच नव्हती, आणि मूळ फायली जागेअभावी मीच पुसल्या होत्या. त्या तीन रात्री आम्हा दोघांच्याही प्रबंधांत नाहीत.