न खाण्याची द्राक्षे

भाऊबीजेला मी दिंडोरी तालुक्यात माझ्या मामेभावाकडे, अप्पाकडे जाते. ओवाळून झाले, ताटातले करंजी-अनारसे संपले, की तो मला बाग दाखवायला नेतो. हा आमचा कित्येक वर्षांचा नेम आहे. पुष्कळांना वाटते, द्राक्षबाग पाहावी ती घड लगडल्यावर. मला विचाराल तर ती दिवाळीत पाहावी. युरोपातले बागाईतदार या सुमारास खुडणी आटपून हुश्श करीत असतात. आमच्याकडे मात्र फळछाटणी होऊन तीनचार आठवडे झालेले असतात आणि काडीकाडीवर पोपटी फूट आलेली असते. तिकडे थंडीत वेल झोपी जातो. आमच्या उन्हात त्याला झोप कुठली! म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटायचे: एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, आणि पावसाळा सरता सरता दुसरी, फळासाठी.

2005 च्या भाऊबीजेला अप्पाने मला नेहमीच्या मांडवाखाली न नेता विहिरीपलीकडच्या दोन एकरांत नेले. तिथे मांडव नव्हता. कुंपणासारख्या तारांच्या सरळ रांगा होत्या आणि डॉगरिजच्या खुंटांवर बांधलेली हातभर कलमे.

“हे शिराझ,” तो म्हणाला, “आणि त्या टोकाला शेनिन ब्लाँ.”

मला हसू आले. जन्मभर थॉमसन, सोनाका, माणिक चमन म्हणणारा हा माणूस ती नावे इतकी जपून उच्चारीत होता, की जणू नव्या सुनेला पहिल्यांदा हाक मारीत आहे. शिराझ हे नाव इराणातल्या शहराचे. पण 1998 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी या वेलाची वंशावळ तपासली, तेव्हा आईबाप दोन्ही फ्रान्सचे निघाले. शेनिन तर ल्वार नदीकाठची. आपल्या देशात ही पाहुणी मंडळी तशी अलीकडेच स्थिरावली. नारायणगावला आणि बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी आधी प्रयोग झाले. नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या सुलाची पहिली वाईन 2000 साली निघाली. 2001 मध्ये सरकारचे वाईन धोरण आले, विंचूरला वाईन पार्क झाले, आणि गावोगावचे बागाईतदार कंपन्यांशी करार करू लागले. अप्पा त्यांतलाच.

“अरे अप्पा, गळ्यात माळ आणि हे काय?” मी विचारलेच. तो वारकरी, आषाढीची वारी चुकवत नाही.

“ताई, मी द्राक्षं पिकवतो. पुढचं ते जाणोत,” तो म्हणाला, पण माळ मात्र त्याने सदऱ्याच्या आत सरकवली.

खरी परीक्षा निराळीच होती. खाण्याच्या द्राक्षाचा मणी टपोरा हवा, साल पातळ हवी, बी नकोच. वाईनच्या द्राक्षाचा सगळा उलटा कारभार! मणी बारीक, साल जाड, आत बिया. रंग असतो तो सालीत. आतला गर फिकाच, म्हणून तांबड्या वाईनचा रस सालीसकट आंबवतात. शिवाय माल कमी धरायचा, म्हणजे गोडी वाढते. एकरी दहा टन बघितलेल्या माणसाला हाताने घड कमी करायला सांगणे म्हणजे पंगतीत वाढत्या हाताला आवरायला सांगणे. अप्पाने तेही केले. 2007 चा पहिला माल गेला, 2008 चाही गेला. त्या दिवाळीत कंपनीच्या माणसाने शिराझची एक बाटली आणून दिली. वहिनींनी ती घेतली, क्षणभर विचार केला, आणि गव्हाच्या कोठीमागे ठेवून दिली.

जगभर मंदी आली, नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, साठा तुंबला. 2009 साली गाडी उशिरा आली आणि पैसे निम्मेच. 2010 च्या फेब्रुवारीत गाडी आलीच नाही. थॉमसनचा व्यापारी फिरकला नाही, तर माणूस दुसरा गाठतो. तोही नसला, तर बेदाणा करतो. या द्राक्षाला दुसरे दारच नाही. अप्पाने चार पाट्या नाशिकच्या बाजारात नेऊन पाहिल्या. एका बाईने मणी तोंडात टाकला, बिया थुंकल्या आणि विचारले, “हे जंगली आहे का?” ही गोष्ट तो हसत सांगतो. वहिनी अजून हसत नाहीत. उरलेला माल खड्ड्यात गेला.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला विहिरीपलीकडे टोमॅटो होते. नाशिकची वाईन पुढे सावरली, आज देशात तिचे नाव मोठे आहे, हे मी अप्पाला एकदा सांगू लागले. “असंल,” एवढेच तो म्हणाला. तारा त्याने विकल्या, कर्जाचे हप्ते थॉमसनच्या जिवावर फेडले. विहिरीच्या कडेची शिराझची एक रांग मात्र त्याने काढली नाही. का, ते मी विचारलेले नाही. तिचीही तो दोन्ही वेळा छाटणी करतो. फेब्रुवारीत माझ्याकडे थॉमसनची पेटी येते, तेव्हा वर कागदात गुंडाळून एक काळासावळा घड असतो. नातवंडे तो खातात आणि बिया कुंडीत थुंकण्याची शर्यत लावतात.

बाटली अजून कोठीमागेच आहे. दर दिवाळीला घर झाडताना वहिनी ती बाहेर काढतात, पदराने पुसतात आणि परत ठेवतात.