मापवहीतले तीन रकाने

आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासूनच्या मापवह्या जपून ठेवल्या आहेत. पानावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, मापं आणि कोपऱ्यात टाचलेला कापडाचा तुकडा. या वह्या ओळीने चाळल्या की पुण्याच्या पेठांतल्या पुरुषांचा पोशाख कसकसा बदलत गेला ते आकड्यांतच दिसतं. १९७०च्या दशकात बेलबॉटम आली तशी पँटची मोहरी फुगत गेली, नंतर आटली. कमरेला प्लेट्स आल्या आणि गेल्या. कॉलरची टोकं लांबली, पुन्हा आखडली. मध्ये काही वर्षं बँकेतल्या साहेबांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सफारी शिवून घेतली. या सगळ्या चढउतारात तीन रकाने मात्र जवळजवळ जागचे हललेले नाहीत: खांदा, मुंढा आणि आसन. गिऱ्हाईक कॉलेजात असताना लिहिलेला खांदा त्याच्या मुलाच्या लग्नाचा सूट शिवतानाही फार तर पाव इंचाने बदललेला असतो. पोट सुटतं, छाती भरते, हाडं तीच राहतात.

पुरुषाने चांगलं दिसण्यासाठी काय करावं, असं कुणी विचारलं तर मी याच तीन रकान्यांकडे बोट दाखवतो. फॅशन खेळते ती मुख्यतः उरलेल्या आकड्यांशी. ते आकडे दर चार-पाच वर्षांनी फिरतात आणि त्यांच्यामागे धावणाऱ्याचं कपाट कायम जुनंच राहतं.

खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथे संपली पाहिजे. ती दंडावर उतरली की माणूस दुसऱ्याचा शर्ट मागून घातल्यासारखा दिसतो, मग कापड कितीही भारी असो. लक्ष्मी रोडवर तयार शर्ट घेताना म्हणूनच आधी खांदा बघावा. कंबर, बाहीची लांबी, खालचा घेर हे कुठलाही चांगला अल्टरवाला नीट करून देतो, खांदा दुरुस्त करायचा तर शर्ट जवळजवळ उसवून पुन्हा शिवावा लागतो. सध्याच्या ओव्हरसाइज शर्टांनी ही शिवण मुद्दाम खाली आणली आहे. विशीतल्या सडपातळ मुलाला ते शोभतंही. पंचेचाळिशीच्या माणसाला ते शोभत नाही, असं मी तोंडावर सांगतो.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बगलेभोवतीच्या कापाबद्दल, गिऱ्हाइकांच्या मनात हमखास उलटी समजूत असते. बगलेत सैल ठेवा म्हणजे हात मोकळा राहील, असं ते सांगतात. पण मुंढा खोल कापला की बाही शर्टाच्या अंगाला खालपर्यंत बांधली जाते. हात वर केला की सगळा शर्टच वर उचलला जातो. मुंढा बगलेच्या जवळ, उंच ठेवला तर हात स्वतंत्र हलतो आणि शर्ट जागेवर राहतो. तयार कपड्यांच्या कारखान्याला एकाच मापात हजार वेगवेगळी शरीरं बसवायची असतात, त्यामुळे तिथे मुंढा खोलच ठेवतात. शहरातल्या बसमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. कुणाचा शर्ट पँटमधून सुटून वर आलाय आणि कुणाचा जागचा हललेला नाही, यावरून शर्ट शिवलेला की विकत घेतलेला हे मला बहुतेकदा ओळखता येतं. खांद्यांचंही असंच. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर बॅग अडकवलेल्या माणसाचा तो खांदा पुष्कळदा उतरलेला असतो. टेबलावर वाकून काम करणाऱ्याच्या पाठीला कापड जास्त लागतं. या गोष्टी शिंप्याने न बोलता टिपून घ्यायच्या आणि कात्रीने सांभाळून घ्यायच्या असतात. त्यात मला माझ्या कामाचा सगळ्यात मोठा आनंद मिळतो.

आसन म्हणजे कमरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतची उंची. लो-वेस्टच्या काळात तयार पँटींची ही उंची इतकी कमी केली गेली की पँट पोटाखाली घसरली आणि पट्टा आवळून घ्यायची सवय लागली. पोट असलेल्या माणसाने पँट पोटाखाली नेली तर पोट ठळक होतं आणि पाय आखूड दिसतात. तीच पँट बेंबीच्या जरा खाली, खऱ्या कमरेवर बसवली की माणूस उंच वाटतो. शिवाय हे दुचाकींचं शहर. स्कूटरवर बसलं की मागचं कापड ओढलं जातं, म्हणून मागचं आसन पुढच्यापेक्षा पुरेसं चढं कापावं लागतं. नाहीतर सिग्नलला मागून काय दिसतं ते सगळे पाहतात.

कापडाचं थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो, तेव्हा सुती पॉपलिन, खादी किंवा लिननला पर्याय नाही. लिनन चुरगळतं, चुरगळू द्यावं. टेरिकॉटला नावं ठेवायची पद्धत पडली आहे, मला ती पटत नाही. रोज धुऊन, इस्त्रीवाचून घालता येणाऱ्या त्या कापडाने नोकरदारांच्या एका पिढीला कमी पैशात नीटनेटकं ठेवलं. सुती कापड मात्र कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून आटवलंच पाहिजे. घाई करून ते तसंच शिवून मागणाऱ्याला मी दोन दिवस थांबायला सांगतो. कापड घेताना पन्हाही, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा. छत्तीस इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण अडीच मीटर लागतं, अठ्ठावन्न इंची पन्ह्यात दीड मीटरच्या थोडं वर भागतं.

फॅशन सोडली तर माणूस गबाळा दिसेल, ही भीती खरी नाही. या शहरानेच त्याचे पुरावे जपले आहेत. लोकमान्यांची लाल पगडी, अंगरखा आणि उपरणं यांत वर्षानुवर्षं बदल नव्हता, आणि आज नुसती आकृती काढली तरी शाळकरी मूल ते टिळक आहेत हे ओळखतं. बाबासाहेब आंबेडकरांचा पोशाख याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, त्यांत कपडेही आहेत. ज्या समाजाने काय नेसावं, काय नेसू नये हे शतकानुशतकं जात ठरवत आली, त्या समाजातला माणूस सूट, टाय आणि चकचकीत बूट घालून गोलमेज परिषदेत उभा राहिला, तेव्हा त्या सुटाचा फॅशनशी काही संबंध नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांनाही त्यांनी राहणी बदलायला सांगितली होती. कपडे फाटके असले तरी चालतील, पण स्वच्छ हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. शिंपी म्हणून मला ते पूर्ण पटतं. मळलेली कॉलर असेल तर माझी सगळी कारागिरी फुकट जाते.

लग्नसराईत मन खट्टू होतं. नवरदेव मोबाइलवर सिनेमातली शेरवानी दाखवतो, तशीच भरजरी हवी म्हणतो, आणि बऱ्याचदा ती एका दिवसासाठी भाड्याने आणली जाते. तेवढ्याच पैशांत गडद निळ्या लोकरी कापडाचा, खांद्यावर नेमका बसणारा कोट शिवून झाला असता आणि पुढची पंधरा वर्षं मुलाखतीपासून बारशापर्यंत घालता आला असता.

पंधरा वर्षं हा आकडा वाढवून सांगितलेला नाही. जुने कारागीर पँटच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच मार्जिन आत ठेवत, म्हणजे पोट सुटलं की पँटही सोडता येई. कॉलर घासून विरली की ती उसवून, पलटून पुन्हा लावत आणि शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चाले. कॉलर पलटून घ्यायला येणारे काका आता क्वचित दिसतात. आले की मी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांचं आधी करतो.

तेव्हा येत्या दिवाळीला तीन शर्टांऐवजी एकच शिवा, पण चांगल्या कापडाचा. मास्तरांना मार्जिन ठेवायला सांगा. ट्रायलला घाईत येऊ नका. आरशासमोर नुसते ताठ उभे राहू नका, दोन्ही हात डोक्यावर न्या, स्कूटरचं हँडल धरल्यासारखे पुढे करा, खुर्चीवर बसून बघा. कुठे ओढलं, टोचलं, वर चढलं तर तिथल्या तिथे सांगा. संकोच करू नका. कच्ची शिवण उसवायला आम्हाला पाच मिनिटं लागतात.