हिरवं पूर्वायुष्य

पावसाळा निम्मा सरला की घाटकोपर-मुलुंडच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास कानी पडतो, ‘थंडी वाजून ताप येतो का?’ मग बोटाला सुई टोचतात, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतात. रंग दिलेली ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की एखाद्या तांबड्या पेशीच्या आत इवलीशी अंगठी दिसते. निळसर कडं, त्यावर जांभळट-तांबडा ठिपका, खडा बसवल्यासारखा. हा प्लाझ्मोडियम, हिवतापाचा परजीवी. इतकी रेखीव गोष्ट धडधाकट माणसाला चार गोधड्यांखाली कुडकुडायला लावते, हे पाहूनही पटत नाही.

त्याहून न पटणारी गोष्ट त्या अंगठीच्या पोटात आहे. तिथे चार पापुद्र्यांत गुंडाळलेलं एक बारीक अंग असतं, अ‍ॅपिकोप्लास्ट. त्याला स्वतःचा गोलाकार डीएनए आहे, सुमारे 35,000 अक्षरांचा, आणि तो वनस्पतींच्या हरितलवकाशी नातं सांगतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी याच्या कुणा एकपेशीय पूर्वजानं लाल शेवाळाची पेशी गिळली आणि पचवली नाही. ती आत राहिली, उन्हावर अन्न करू लागली. आपल्या रक्तात चोरपावलांनी शिरणारा हा जीव परजीवी होण्याआधी यजमान होता. मला हे फार हलवून जातं.

त्याचं उन्हातलं कुळ अजून नांदतं आहे. सिडनीच्या बंदरातल्या प्रवाळांत सापडलेल्या क्रोमेरा वेलिया या जीवाची ओळख 2008 साली जगाला झाली. तो प्लाझ्मोडियमचा जवळचा भाऊबंद, पण प्रकाशावर जगणारा. दुसरा भाऊबंद कोल्पोडेला. तो मोकळ्या पाण्यात हिंडतो, दुसऱ्या पेशीला टोकाकडून भिडतो आणि तिच्यातला रस शोषून घेतो. ज्या टोकानं तो शिकार करतो, तशाच घडणीच्या टोकानं प्लाझ्मोडियम तांबड्या पेशीत घुसतो. बाहेर राहून शोषणारा आणि आत शिरून राहणारा यांच्यातलं अंतर आपल्याला वाटतं तेवढं मोठं नसावं. जुनंच हत्यार नव्या कामाला लागलं.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. प्रकाशसंश्लेषण गेलं. डीएनएसाठी लागणारी प्युरिनं बनवायचं कसब गेलं, ती आता आपल्याकडून उचलली जातात. बहुतेक अमिनो आम्लं तो आपलं हिमोग्लोबिन पचवून मिळवतो. याला अधोगती म्हणणं मला मान्य नाही. जी वस्तू दारात तयार मिळते, ती बनवणारं जनुक बिघडलं तरी जीव मरत नाही. बिघाड टिकतो, पिढ्यान्‌पिढ्या साठतो. त्यात ना आळस, ना लबाडी. फक्त परतीची वाट बुजत जाते. आणि जिथे गरज होती तिथे याच जीवानं हात आखडला नाही. त्याच्या फाल्सिपेरम जातीत एकाच कुळातली साठेक जनुकं आहेत, ती पेशीवरचा मुखवटा बदलून आपल्या प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी.

हरितलवकाचा तो अवशेष मात्र सुटला नाही. 2011 साली एका प्रयोगात दिसलं, की रक्तातल्या प्लाझ्मोडियमला आयसोप्रिनॉइड नावाच्या संयुगांचा कच्चा माल बाहेरून पुरवला तर तो अ‍ॅपिकोप्लास्टवाचूनही जगतो. रक्तात तरी तेवढ्या एका मालासाठी हे सगळं बिऱ्हाड जपलेलं! डॉक्सिसायक्लिन हे औषध नेमकं तिथेच घाव घालतं. जुना हिरवेपणा हीच याची दुखरी नस. या अवशेषाला लागणारी बहुतेक प्रथिनं पेशीकेंद्राच्या हुकमानं बाहेर बनतात आणि चार पापुद्रे ओलांडून आत जातात. ती वाट कशी शोधतात, याचा अभ्यास अंधेरी आणि मुलुंडच्या मधोमध, पवईच्या आयआयटीत स्वाती पाटणकर यांच्या प्रयोगशाळेत चालतो. पवई तलावाकाठचं शेवाळ पाहताना मला ती प्रयोगशाळा आठवल्यावाचून राहत नाही.

मुंबईला हा पाहुणा जुनाच. 1911 साली चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा अहवाल लिहिला आणि घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवलं. अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी या हिवताप पसरवणाऱ्या डासाला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. पुष्कळ विहिरी बुजल्या, आता गच्चीवरच्या टाक्या आहेत.

व्हायव्हॅक्स जातीचा प्लाझ्मोडियम ताप उतरल्यावरही यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो. त्याच्यासाठी प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स असतो, आणि दोन-तीन दिवसांत बरं वाटलं की पुष्कळ जण तो सोडतात. डॉक्टरांनी तो लिहून दिला असेल तर चौदाही दिवस घ्या. आणि या रविवारी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण नीट बसलंय का, ते स्वतः पाहून या.