ताइनानचं पथ्यपाणी

शिंचूहून ताइनानला जायचं तर बुलेट ट्रेन झपाट्याने नेते, पण सोडते शहराबाहेर. जुनी रेल्वे रमतगमत जाते आणि थेट गावात उतरवते. जूनचा पाऊस होता, खिडकीतून हिरवी भातशेती बघायची हौस होती, म्हणून मी जुनीच धरली. मनात एकच बेत: ताइनानजवळच्या युजिंगला जाऊन आंबे खायचे. च्यायीपाशी गाडीने कर्कवृत्त ओलांडलं आणि तिथूनच माझा घसा कुरकुरायला लागला. ताइनान येईपर्यंत आवंढा गिळवेना, अंगात कणकणही भरली.

परगावात आजारी पडलं की आपल्याकडे आधी ओळखीचं कोण आहे ते आठवायचं, मग त्याचा डॉक्टर. इथे त्याची गरज पडत नाही. आरोग्य विम्याचं चिपवालं कार्ड देशातल्या जवळजवळ कुठल्याही दवाखान्यात चालतं आणि तिथे जायला आधी दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तैवानने 1995 च्या मार्चमध्ये तोवरचे वेगवेगळे विमे मोडीत काढून सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा सुरू केला. नोकरीवर असलेल्या परदेशी माणसालाही तो घ्यावाच लागतो. हप्त्याचे तीस टक्के माझ्या पगारातून जातात, साठ टक्के कंपनी भरते, दहा टक्के सरकार.

स्टेशनच्या मागच्या गल्लीत कान-नाक-घशाचा दवाखाना उघडा होता. रात्रीचे आठ वाजत आले होते, तरी बाकं भरलेली. संध्याकाळची पाळी इथे कामावरून सुटलेल्यांसाठीच असते. भिंतीवर लाल आकड्यांचा फलक, कोपऱ्यात गरम, कोमट आणि गार पाण्याचं यंत्र. गारच्या नळाला कुणी हात लावत नव्हतं. माझा नंबर आला. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा सरळ केला, नाकात फवारा मारला, नळीने नाक साफ केलं, घशात कडू औषध उडवलं, दोन प्रश्न विचारले आणि पुढच्याला बोलावलं. सगळं तीन मिनिटांत. हे मला अजूनही रुचत नाही. दवाखाना इतका स्वस्त आणि इतका हाताशी, की लोक साध्या शिंकेलाही येतात आणि मग डॉक्टरला मान वर करायची उसंत उरत नाही. पण तापलेल्या अंगाने रांगेत बसलं असताना या टीकेला फारसा जोर येत नाही, हेही खरं.

औषधं मिळाली ती पुड्यांमध्ये. एका वेळच्या चार गोळ्या एका पुडीत, पुड्या एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येकीवर वेळ छापलेली, तीन दिवस पुरतील इतक्या. सगळे मिळून दोनशे तैवानी डॉलरही झाले नाहीत, म्हणजे पाच-साडेपाचशे रुपयांच्या आत. पैसे घेणाऱ्या काकूंनी वर पथ्यही सांगितलं, अर्धं मँडरिनमध्ये, अर्धं तैवानीत. बर्फ नको. तळलेलं नको. आणि आंबा? तो तर मुळीच नको, उष्ण असतो! सांगलीची माझी आजी हेच म्हणाली असती, फक्त तिने आंबे आधी पाण्यात भिजत घातले असते.

रात्री जेवायला शाकाहारी खाणावळ शोधली. ती शोधणं सोपं असतं, कारण पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्या स्वस्तिकाच्या उलट्या वळणाचं. ही बौद्ध खूण आहे. आत पन्नासेक भाज्यांचे ट्रे. हवं ते ताटात घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, वजनावर पैसे. मी रताळ्याच्या पानांची भाजी घेतली (आमच्याकडे हा पाला गुरांपुढे पडतो, इथे आल्यावर गुरांची चैन कळली), पांढरं कारलं, टोफू आणि पेज. कारलं घेतलेलं बघून मालकीणबाईंनी मान डोलावली. घशाला ते बरं, थंड असतं.

शाकाहाराचा इथला काटेकोरपणा चातुर्मास पाळणाऱ्यालाही मागे टाकेल. दुकानातल्या पाकिटांवर पाच प्रकार छापलेले असतात: निव्वळ शाकाहारी, अंडं चालणारं, दूध चालणारं, दोन्ही चालणारं आणि पाचवा, कांदा-लसणासारखे उग्र पदार्थ असलेलं. बौद्ध परंपरेने वर्ज्य ठरवलेल्या पाच उग्र पदार्थांत चक्क हिंग आहे. कांदा-लसूण नाही म्हणून आपण आमटीत चिमूटभर हिंग जास्त टाकतो, आणि इथल्या भिक्खूंना तोही चालायचा नाही. माझ्या डब्यातली आमटी इथे कुठल्या खान्यात बसेल, या विचाराने मी तापातही हसले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, घसा मात्र होताच. ताइनानचं आवडतं पेय म्हणजे कोहळ्याचा चहा. त्यात चहा नसतो. कोहळा साखरेत तासन्‌तास आटवून केलेला काळपट गोड काढा असतो. उष्णतेवर उतारा म्हणून पितात, आणि पितात मात्र बर्फ घालून. बर्फ किती, साखर किती, हे इथल्या पेयांच्या दुकानांत विचारतातच. मी बर्फ नको म्हटल्यावर पोऱ्याने माझ्या मास्ककडे बघितलं आणि न विचारताच गरम करून दिला. ताइनानच्या लोकांचा हात साखरेला सैल आहे. तिखटावर पोसलेल्या माझ्या जिभेला ते जड गेलं, पण घशाने तक्रार केली नाही.

चौथ्या दिवशी शेवटची पुडी घेतली आणि युजिंगची बस पकडली. बाजारात लालभडक आंब्यांच्या टोपल्यांच्या रांगा. हा अर्विन, 1950 च्या दशकात फ्लोरिडाहून तैवानला आलेला. पण फ्लोरिडाला तरी आंबा कुठून मिळाला? 1889 मध्ये भारतातून तिकडे गेलेल्या कलमांतला मलगोबा जगला. त्याच्या कोयीपासून हेडन झाला, हेडनचा लिपेन्स, लिपेन्सचा अर्विन. म्हणजे हा मलगोबाचा पणतू. नातं लक्षात घेऊनही सांगते, रस भरपूर, रेषा नाही, पण वास बेताचाच. हापूसची पेटी उघडल्यावर घरभर जे होतं ते इथे होत नाही.

विक्रेतीला मी घशाबद्दल सांगितलं. तिने औषध संपलं का विचारलं, घड्याळात बघितलं. दुपार आहे, आता खा, रात्री नको, असं म्हणून तिने बर्फाची वाटी बाजूला सारली आणि नुसता आंबा चिरून पुढे केला. फोडींबरोबर कोमट पाण्याचा पेला आला, तो फुकट होता.