तेरा टक्क्यांचा बोळ

भास-संशयाच्या आजारात हॅलोपेरिडॉल किती द्यायचं, या एका प्रश्नाशी माझं अजून जमलेलं नाही. टोरांटोत शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी २००० साली, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांचे पेट स्कॅन करून हिशेब मांडला. डोपामिनचे डी-२ रिसेप्टर शेकडा ६५ अडले की भास-संशय ओसरण्याची शक्यता वाढते, ७२ च्या पुढे प्रोलॅक्टिन चढतं आणि ७८ च्या पुढे अंग आखडतं. आमची सगळी कारागिरी या तेरा टक्क्यांच्या बोळात. त्याच गटाच्या आधीच्या पाहणीत दिवसाला अवघ्या २ मिलिग्रॅमनं ५३ ते ७४ टक्के रिसेप्टर व्यापले होते. मग १५-१५ मिलिग्रॅमच्या चिठ्ठ्या कशाला? रिसेप्टर भरत आले की वाढीव गोळी आजाराला कमी आणि हातापायांना जास्त लागते. ते आखडणं झाकायला पॅसिटेनची गोळी, मग तोंडाला कोरड आणि विसराळूपणा.

नव्या गोळ्यांचे भक्त म्हणतील, हे गणित जुनं झालं. अरिपिप्राझोल ८०-९० टक्के रिसेप्टर धरतं तरी सहसा आखडवत नाही. खरं आहे, पण ते दार पुरतं लावत नाही, किलकिलं ठेवतं. क्लोझापिन ६५ च्या खालीच राहतं आणि तरी हट्टी आजाराला तेच लागू पडतं. रिसेप्टरला धरून ते लगेच सोडतं, हा खुलासा मला अर्धाच पटतो. ओलान्झापिन हिस्टामिनचे रिसेप्टरही अडवतं, म्हणून भूक खवळते, वजन वाढतं. आपल्या सर्पगंधेतलं रेसर्पिन तर रिसेप्टरला हातच लावत नाही, डोपामिनची कोठारंच रिकामी करतं. तरीही अंग आखडतंच. म्हणजे दार बंद करा की कोठार लुटा, डोपामिनचा निरोप फार तुटला की शरीर बोलतंच.

दुसरा आक्षेप खेड्याकडचा : रुग्ण लांबून येतो, पुन्हा येईल याचा नेम नाही, तेव्हा एकदाच दणकून द्यावं. पण आखडलेला माणूसच गोळ्या टाकून देतो. मोठा डोस रात्रीच्या झोपेसाठी हवा असेल तर तिचं औषध वेगळं, चार दिवसांपुरतं. डोस वाढवला की डॉक्टरनं काहीतरी केलं असं दिसतं, एवढंच. चार औषधांची चिठ्ठी लिहिताना माझाही हात जरा ऐटीत चालतो.

देगलूरसारख्या गावी पेट स्कॅन कुठला! इथलं यंत्र म्हणजे रुग्णाचं मनगट. हात सैल सोडायला लावून ते हळू फिरवावं; दातेरी चाकासारखं अडखळलं तर बोळ ओलांडला असं धरावं आणि डोस हळूहळू उतरवावा. पॅसिटेन लिहिण्याआधी एकदा तरी मनगट फिरवून बघा.