उन्हाने फुगणारी नदी

"अंकल, तैरना आता है?"

चिलिंगच्या वाळूवर रबरी तराफ्यात हवा भरता भरता त्या नेपाळी तरुणाने मला विचारले, आणि वीस वर्षे वर्गात सत्याची महती सांगणारा मी "थोडा थोडा" म्हणून मोकळा झालो. शेजारी माझी मुलगी हेल्मेटचा पट्टा आवळीत उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. बोलली मात्र काही नाही.

खरे सांगायचे तर कृष्णाकाठी, कराडात, जन्मूनही मला पोहता येत नाही. मी पाच वर्षांचा असताना माझा थोरला चुलतभाऊ पुरात गेला. त्यानंतर आईने मला घाटाची शेवटची पायरी कधी उतरू दिली नाही. पुढे नदीवरच्या कविता शिकवून मी पोट भरले. पण पाणी गुडघ्याच्या वर येऊ दिले नाही. मुलगी पोहायला शिकली तीही तिच्या आईच्या आडून. मला कळले तेव्हा तिला पदक मिळालेले होते! लडाखला आलो तो मी गोंपा पाहायला. पण ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नका येऊ, मी जाते." तिला पाठवून काठावर बसणे, हे त्या नदीपेक्षा अवघड होते.

ही नदी म्हणजे झंस्कार. पदुमजवळ दोन प्रवाह एकत्र येऊन ती होते. त्यांतला एक, स्तोद, पेन्सी ला या खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग नावाच्या प्रचंड हिमनदीतून निघतो. तिथून ही सगळी जलसंपत्ती डोंगर चिरीत खाली येते आणि निमू गावाशी सिंधूला मिळते. हिवाळ्यात हीच नदी गोठते, आणि तिच्या पाठीवरून माणसे चालत जातात. तिला तिकडे 'चादर' म्हणतात. निमूपासून पदुमपर्यंतचा रस्ता २०२४ साली जोडला गेला. तोपर्यंत हिवाळ्यात झंस्कारच्या लोकांना बाहेरच्या जगाकडे नेणारी ही बर्फाचीच वाट होती.

आम्ही गेलो जुलैत. आभाळात औषधालाही ढग नव्हता, आणि नदी दुथडी वाहत होती. मला याचे नवल वाटत राहिले. आमच्याकडे कोयनेच्या खोऱ्यात ढग दाटले की कराडची माणसे पात्राकडे डोळे लावतात. ऊन पडले की सुटकेचा निःश्वास टाकतात. इथे उलटा न्याय! जितके ऊन कडक, तितकी नदी मोठी. वरचे बर्फ दुपारभर वितळते आणि ते पाणी कित्येक तासांनी खाली पोचते. म्हणजे आपल्या अंगावर उसळणारी लाट हे कुणीकडले तरी काल पडलेले ऊन असते. आमचा नाविक पहाटे काठावरच्या एका दगडाकडे पाहून आला. "कल ये दिखता था," म्हणाला. दगड आता पाण्याखाली होता.

पाण्याचा रंग म्हणाल तर सिमेंट कालवल्यासारखा. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, आणि ते पीठ पाण्याबरोबर येते. तराफा प्रवाहात शिरला तेव्हा रबराच्या तळाशी बारीक 'सस्स' असा आवाज येऊ लागला. दूर कुठेतरी पोळीची कणीक चाळावी तसा. तो त्या पिठाच्या घासण्याचा. सबंध प्रवासात तो थांबला नाही.

निघण्यापूर्वी काही आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या : 'फॉरवर्ड', 'बॅक पॅडल', 'स्टॉप'. नाविक मागे बसून ओरडायचा आणि आम्ही सहाजण वल्ही मारायचो. वर्गात मी बोलायचे आणि साठांनी ऐकायचे, ही माझी सवय; इथे पंचविशीच्या पोराचा हुकूम मुकाट पाळायचा. सुरुवातीचा तासभर तसे बरे गेले. दोन्ही बाजूंना कडे असे उभे, की खडकाचे थर जमिनीतून पुस्तकांसारखे उभे केलेले. एक थर जांभळा, एक हिरवा. हिंदुस्थानची भूमी आशियाला येऊन भिडली तिची शिवण या भागातून जाते म्हणतात. मी ते पाहत राहिलो, आणि हीच चूक झाली.

पुढे खळाळ आला. आधी कानांना कळला, मग दिसला. नाविक "फॉरवर्ड!" म्हणून ओरडला. तराफ्याचे तोंड खाली गेले आणि समोर पाण्याची भिंत उभी राहिली. कुठल्याही शहाण्या माणसाने करावे ते मी केले : वल्हे वर घेतले आणि दोरीला हात घातला. मागाहून कळले, करायचे ते नेमके उलट. वल्हे पाण्यात रुतलेले असते तोवर पाणीच तुम्हाला धरून ठेवते; ते वर घेतले की तुम्ही नुसते ओझे. तराफा उसळला आणि ते ओझे नदीने उचलून नेले.

थंडी अशी काही वाटलीच नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखे झाले आणि श्वास आत गेला तो बाहेर येईना. लाइफ जॅकेटने वर आणले, एका लाटेने खाली दाबले. त्या क्षणी मला चुलतभावाचा चेहरा आठवला असे लिहिता आले असते. पण त्याचा चेहरा मला आठवतच नाही. आठवली ती घाटाची शेवटची पायरी, ओली, शेवाळलेली.

"बाबा, पाय पुढे! पाठीवर व्हा! उभे राहू नका!"

आज्ञा तीच होती, सकाळी वाळूवर पाठ केलेली. पण आवाज तिचा होता. मी पाय प्रवाहाच्या दिशेला केले. आभाळ दिसले, स्वच्छ, निळे, निर्दय. मग खांद्यावरचे पट्टे कुणीतरी पकडले. तिने मला तराफ्याच्या कडेला ओढले, एकदा खाली दाबून वर झटका दिला, आणि मी मासळीसारखा आत, तिच्या अंगावर, पडलो. नाविक मागून म्हणाला, "अंकल, पैडल कहाँ है?" ते हातातच होते. का, ते मला विचारू नका.

त्यानंतर मी वल्हे मारले, असे मारले की बोटांना फोड आले. निमूला संगम आला तेव्हा उन्हे कलली होती. झंस्कार करडी, सिंधू हिरवट. दोघी बराच वेळ शेजारून वाहतात, मिसळत नाहीत. पाणी जास्त झंस्कारचे, पुढे नाव मात्र सिंधूचे. आमच्या कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तिथेही कोयनेचे नाव तिथेच संपते.

रात्री लेहहून आईला फोन लावला. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे.

"नदी बघितलीस का रे तिकडची?"

"बघितली."

"पाण्यात उतरला नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो. पडलो होतो, उतरलो नव्हतो. तेव्हा व्याकरणदृष्ट्या त्यात खोटे काही नव्हते.

मुलगी खिडकीत माझे ओले मोजे पिळीत होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मोजे पुन्हा एकदा पिळले.