९९०० छापलंय म्हणजे ९९०० असतं का? टॉर्चच्या बॅटरीची परीक्षा



जुलै २०१८ चा पाऊस वसई-विरारकर विसरलेले नाहीत. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद, सोसायट्यांमध्ये पाणी आणि घरात अंधार. तेव्हापासून मे महिना संपता संपता टॉर्च तपासून ठेवायची, ही आमच्या घरातली रीतच झाली.

गेल्या पावसाळ्यात मी रस्त्यावरून एक जादा बॅटरी घेतली. वर ठळक छापलेलं, '९९०० एमएएच'. लाइट गेले आणि तासाभरातच टॉर्च मंद झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं, तर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, पण छापलंय ना वर? मग खोटं कसं असेल?" प्रश्न मोठा होता. त्याचं उत्तर आम्ही मोजून काढलं.

घेताना

या बॅटरीला १८६५० म्हणतात. नाव म्हणजे मापच आहे : जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. एवढ्याशा डबीत किती वीज मावणार? नामांकित कंपन्यांच्या चांगल्या बॅटऱ्यासुद्धा साधारण २००० ते ३५०० एमएएचच्या असतात. त्यामुळे ९९०० दिसलं की तिथेच समजून जायचं. दुसरी खूण वजनाची. चांगली बॅटरी ४५ ते ५० ग्रॅम भरते. माझी स्वयंपाकघरातल्या काट्यावर २९ ग्रॅम भरली! बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक बघा, पक्कं बिल घ्या. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टन चढवलेल्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात, त्या नकोच.

तपासताना

आमच्या टॉर्चच्या मधल्या उजेडाला साधारण ५०० मिलिअँपिअर करंट लागतो. मुलांनी फळ्यावर भागाकार मांडला : ९९०० भागिले ५०० म्हणजे १९.८ तास. मी घरी घड्याळ लावून बसलो. टॉर्च चालली १ तास १० मिनिटं. म्हणजे बॅटरीत होते जेमतेम ६०० एमएएच. मग २६०० लिहिलेली चांगली बॅटरी लावली. हिशेबाने ५ तास १२ मिनिटं यायला हवी होती, चालली जवळजवळ पाच तास. थोडा फरक पडणारच, पण दहा-पंधरा पटीचा नाही.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ४.२ व्होल्टच्या जवळ दाखवते. ती आठ दिवस नुसती ठेवा आणि पुन्हा मोजा. माझी चांगली बॅटरी ४.१८ वरून ४.१६ वर आली. स्वस्तातली ३.९ पर्यंत घसरली. न वापरता एवढी उतरते, म्हणजे आत बिघाड आहे. व्होल्टेज २.५ च्याही खाली गेलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

चार्ज करताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या वसईतच एका घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. आपल्या कुणाच्याही वर्गात बसला असता असा मुलगा. टॉर्चची बॅटरी तिच्यापुढे फारच लहान, पण लिथियमचा स्वभाव तोच. मर्यादेपेक्षा जास्त चार्ज झाली किंवा आत शॉर्ट झालं की ती तापते, त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया आणखी वाढते आणि मग ती आवरत नाही.

चांगला चार्जर आधी ठरावीक करंट देतो, ४.२ व्होल्टला पोहोचल्यावर करंट कमी कमी करत थांबतो. तो थांबतो का, हे मल्टिमीटरने एकदा बघा. ४.२५ च्या वर गेला तर तो चार्जर बाद. आमच्या घरचे नियम असे :

- झोपेत किंवा घराबाहेर असताना चार्जिंग नाही.
- गादी, उशी, सोफा यांवर नाही. लादीवर किंवा ओट्यावर, दाराची वाट अडणार नाही अशा जागी.
- चेपलेली, वेष्टन फाटलेली, तापणारी बॅटरी वापरायची नाही.
- सुटी बॅटरी खिशात नाणी-किल्ल्यांबरोबर ठेवायची नाही.
- धूर दिसला तर आधी माणसं बाहेर, मग १०१ ला फोन.

बाद झालेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

शिक्षकांना एक सूचना : वजन आणि भागाकार मुलांकडून जरूर करून घ्या. चार्जिंग आणि मल्टिमीटर मात्र मोठ्यांच्याच हाती राहू द्या. बॅटरी फोडून दाखवायचा मोह तर कधीच नको.

त्या मुलाने शेवटी वहीत लिहिलं, "छापलेलं मोजून बघावं." मी खाली सही केली. पालकहो, आज तुमच्या घरातली टॉर्च उघडा आणि मुलांना सोबत घेऊन तिची बॅटरी काट्यावर ठेवा. आणि रात्री झोपण्यापूर्वी चार्जिंगला काय काय लावलंय, तेवढं एकदा बघाच.